तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे आफ्रिकेत किती झाडं लावलीत?

एकही नाही. घ्या, मिळालं उत्तर.

लग्नात, बारशाला, एसटीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरने माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं होतं, "ताई तुम्ही सात वर्षं आफ्रिकेत जमिनीच्या कामावर होतात ना, मग झाडं किती लावलीत?" मी "अहो तसं नसतं ते" म्हणून विषय बदलते आणि समोरच्याच्या मनात काय येतं तेही कळतं, की बाईने सात वर्षं डॉलरमधे पगार घेऊन नुसत्या मीटिंगा केल्या. खरं आहे, मीटिंगाच केल्या. २०१६ ते २०२३, नायजर, बेनिन आणि बुर्किना फासो (नायजर, नायजेरिया नाही, मोठ्या मामांना चौदाव्यांदा सांगतेय) ह्या तीन देशांत जमीन सुधारायची जी कामं चालली होती त्यांचा मेळ घालायचा, आणि ज्यांच्या जमिनीवर ती होणार त्या सगळ्यांना एका जागी बसवायचं, हे माझं काम. त्यांना स्टेकहोल्डर म्हणतात. सरकारी मराठीत भागधारक, ते ऐकून शेअर बाजारच आठवतो. माझी आजी म्हणाली असती, ज्याचं जळतं तो.

झाडांचं आधी बोलून टाकते म्हणजे सुटले. नायजरमधे मराडी आणि झिंदेर भागात जवळपास ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली, आणि त्यातली जवळजवळ कुणी लावलेलीच नाहीत. टोनी रिनाउदो म्हणून एक ऑस्ट्रेलियन माणूस १९८० च्या दशकात तिकडे रोपं लावून लावून थकला होता, लावलेली मरत होती, आणि १९८३ च्या सुमाराला त्याच्या लक्षात आलं की शेतात जी झुडपं म्हणून दर वर्षी तोडतात ती झुडपं नाहीतच, जुन्या तोडलेल्या झाडांची खोडं आहेत, जमिनीखाली मुळं जिवंत आहेत. चार-पाच फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, बस. पण खरी मेख वेगळीच होती. जुन्या कायद्याने झाड सरकारचं, शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातलं वाढवलं तरी फांदी तोडल्यावर फॉरेस्टवाला दंड करणार, मग वाढवेल कोण? तो जाच ढिला पडत गेला तसं शेतकऱ्याला वाटायला लागलं की हे आपलं आहे. म्हणजे किती लावलीत हा प्रश्न नाहीच, झाड कुणाचं हा प्रश्न आहे. आणि कुणाचं हे ठरवायला, माफ करा, मीटिंगच लागते.

ती हिरवी भिंत पण तुम्ही विचारता. व्हॉट्सअॅपवर फिरते ना, सेनेगलपासून जिबूतीपर्यंत झाडांची भिंत. आफ्रिकन युनियनने २००७ मधे हाती घेतली, २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर सुधारायचं उद्दिष्ट. २०२० मधे संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणवाल्यांनी आढावा काढला त्यात भिंतीच्या ठरलेल्या पट्ट्यात ४० लाख हेक्टर, आणि आजूबाजूचं सगळं धरलं तर १ कोटी ८० लाखाच्या आसपास. काय धरायचं आणि काय नाही ह्यावर आकडा चौपट होतो, आणि तो धरणाऱ्यांच्या साखळीत एक कडी मी होते, माझ्या एक्सेल शीटमधून हेक्टर वर जायचे.

हेक्टर फक्त वर जायचे, खाली यायची सोयच नव्हती. हे कशामुळे कळलं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे आणि ते मी आत्तापर्यंत कुणाला धड सांगितलेलं नाही, घरी पण नाही.

फेब्रुवारी २०१८. नायजरचा दोस्सो भाग, बेनिनच्या हद्दीकडे. गावाच्या वर जांभ्याचं टणक पठार, पाऊस पडला की पाणी वरून सटकून जातं, खाली बाजरीची शेतं. (बाजरी मूळची तिकडचीच, पश्चिम आफ्रिकेतली, आपण उगाच आपली म्हणतो.) पठारावर अर्धचंद्र खणायचे होते, चार मीटर व्यासाचा अर्धगोल खड्डा, माती उताराच्या बाजूला रचायची, हेक्टरी ३१३ बसतात, त्यात पाणी थांबतं, गवत येतं, झाड धरतं. उत्तम पद्धत आहे, मी आजही तिच्या बाजूने भांडेन. गावातल्या बायकांना खणायची रोख मजुरी मिळणार होती, कोरड्या महिन्यांत, घरातला दाणा सरत येतो तेव्हा. सगळ्यांचा फायदा.

नगरपालिकेच्या हॉलमधे बैठक, हजेरीपत्रकावर ६३ सह्या आणि अंगठे. शेतकरी, गावाचा प्रमुख, बायका, तरुण, पर्यावरण खातं, शेती खातं, पशुसंवर्धन खातं, जमिनीची स्थानिक समिती, जिला तिकडे कोफो म्हणतात. पशुपालकांच्या रकान्यात एक सही होती. तो फुलानी, म्हणजे पिढीजात गुरं राखणाऱ्या समाजाचा होता खरा, पण गावात घर बांधून राहिलेला जनावरांचा व्यापारी. रकाना भरला ना, झालं.

बैठक संपत आली आणि मागून एक म्हातारे उठले. तिथल्या झार्मा भाषेत बोलले, चांगली पाच मिनिटं. माझ्या दुभाष्याने फ्रेंचमधे एका वाक्यात उरकलं, की हे म्हणतायत रस्त्याचे मालक आत्ता इथे नाहीत. मी वहीत लिहून घेतलं. ती वही आहे माझ्याकडे, निळ्या पेनने लिहिलंय आणि खाली दोनदा रेघ ओढलीय, म्हणजे महत्त्वाचं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, हे लक्षात घ्या. पुढे काय केलं? काही नाही. भात थंड होत होता, लोकांना प्रवासभत्त्याची पाकिटं वाटायची होती, आणि मार्च संपायच्या आत काम सुरू झालं नसतं तर पैसे परत गेले असते.

रस्ता म्हणजे बुर्ताली, जनावरांचा. पावसाळ्यात कळप उत्तरेला जातात, शेतं मोकळी राहावीत म्हणून, आणि सुगी झाली की दक्षिणेला, पार बेनिनपर्यंत. फेब्रुवारीत हे सगळे लोक हद्दीपलीकडे होते. अमुक महिन्यात पशुपालक गावात नसतात हे तिथलं शेंबडं पोर सांगेल आणि मी मीटिंग नेमकी त्या महिन्यात ठेवली, कारण रस्ते कोरडे असतात आणि गाड्या जातात.

आणि मी कुठली? साताऱ्याच्या माण तालुक्यातली. आमच्याकडे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन धनगरांचे वाडे, म्हणजे त्यांचे फिरते तळ, खाली कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात हे मी परकरात असल्यापासून बघतेय. आमच्या बापाने दर वर्षी रानात मेंढरं बसवलीत, लेंडीखतासाठी, दोन रात्रींचे ज्वारीचे दाणे मापून दिलेत. नायजरमधेही हेच चालतं, सुगीनंतर शेतात गुरं बसवतात आणि बदल्यात धान्य देतात. मला दिसायला हवं होतं हो. दुसऱ्या कुणाला नाही तर मला.

जूनमधे पहिला पाऊस झाला आणि कळप वर आले. पठारावर ४० हेक्टर अर्धचंद्र, नवीन रोपं, राखणीला गावातली पोरं. पलीकडच्या तळ्यावर जायची वाट बरोबर मधोमध बुजलेली. दिवसा अडवलं म्हणून एक कळप रात्री घुसला. अंधारात कोयता चालला. चौदा वर्षांच्या एका गुराख्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली. अकरा गायी कोंडवाड्यात.

मी तिसऱ्या दिवशी पोचले. आरोग्य केंद्राच्या ओसरीवर पोरगा भिंतीकडे तोंड करून झोपला होता, शेवटपर्यंत वळला नाही. त्याचा चुलता बसलेला. ही कोण, त्याने दुभाष्याला विचारलं. दुभाषा म्हणाला, प्रोजेक्टची. मग मला विचारलं, तुमच्या घरी जनावरं आहेत का. म्हटलं दोन म्हशी आहेत. पाणी किती लांब? म्हटलं दारात नळ आहे. त्याने मान हलवली आणि पुढे काही बोललाच नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर द्यायची तयारी मी गाडीत करून आले होते. नायजरच्या २०१० च्या कायद्यात लिहिलंय की जनावरं घेऊन फिरणं हा पशुपालकांचा मूलभूत हक्क आहे, तो कायदा माझ्या लॅपटॉपमधे होता, प्रशिक्षणात मी त्याच्या स्लाइड दाखवायचे.

मग कोफो बसली, ह्या वेळी सगळे होते. गायी सोडल्या, दवाखान्याचा खर्च निघाला, पन्नास मीटर रुंदीची वाट परत मोकळी करायची ठरलं. म्हणजे त्या पट्ट्यातले अर्धचंद्र बुजवायचे. ज्या बायकांनी खणले त्यांनाच आम्ही बुजवायची मजुरी दिली, तोच दर. एक बाई फावडं टेकून हसत दुभाष्याला काहीतरी म्हणाली आणि बाकीच्या सगळ्या हसल्या, त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिमाही अहवालात पाच हेक्टर कमी करायला गेले तर फॉर्म घेईना, त्या रकान्यात उणे आकडा चालतच नव्हता. वरच्या ऑफिसला मेल केली तर उत्तर आलं, नवीन काही झालं नसेल तर शून्य टाका. शून्य टाकलं. आणि 'सामाजिक' ह्या मथळ्याखाली मी स्वतः लिहिलं, "तणावाची एक घटना, स्थानिक पातळीवर मिटली." एक ओळ. ती लिहिताना मला अपराधी वाटलं असं आता सांगावंसं वाटतं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, बघा, म्हणजे त्या मीटिंगा फुकटच की. इथे मी भांडणार. मीटिंगा जास्त झाल्या म्हणून हे झालेलं नाही, चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या लोकांबरोबर झाल्या म्हणून झालं. पर्यावरण खात्याच्या नकाशात ते पठार पडीक होतं, शेती खात्याच्या नकाशात शेतीलायक, पशुसंवर्धनच्या नकाशात तिथून वाट जात होती. तीन नकाशे, तीन ऑफिसं, एकाच शहरात. ते एका टेबलावर ठेवायला माझ्यासारखं कुणीतरी लागतंच, आणि ते टेबल दोस्सोत असून भागत नाही कारण कळप बेनिनमधून निघतो. पुढच्या वर्षी डिसेंबरमधे बेनिनने परदेशी कळपांना बंदीच घातली. त्याची कारणं त्यांच्यापाशी होती, तिकडेही दर वर्षी शेतकरी-गुराखी मारामाऱ्या होतात. पण एका देशाने दार लावलं की शेजारच्या देशातल्या वाटेवर, तळ्यावर, कुरणावर दुप्पट भार येतो. ह्याला प्रादेशिक समन्वय म्हणतात, शब्द कंटाळवाणा आहे मान्य, पण गाय हद्दीचा खांब वाचत नाही.

हे मी जोरात म्हणते आणि मग माझ्यातलीच २०१८ ची ती बाई विचारते, बरं, मग तू शहाणी झाल्यावर काय केलंस? केलं ना. २०२१ मधे बैठक ऑक्टोबरच्या शेवटी घेतली, कळप खाली उतरताना, तळ्याच्या काठावर, खुर्च्या नाहीत, पाकिटं नाहीत. दोनशेच्या वर माणसं आली. दोन दिवस भांडली. काहीही ठरलं नाही. शेतकरी म्हणाले सुगी उरकायच्या आधी कळप येतात, पशुपालक म्हणाले तुम्ही दर वर्षी वाटेत एक-एक ओळ पुढे पेरता, दोघंही खरं बोलत होते. ठराव नाही म्हणून त्या बैठकीचा खर्च मंजूर व्हायला मला सात महिने लागले. ६३ सह्यांची ती जुनी बैठक मात्र ऑडिटमधे नमुना म्हणून दाखवली गेली होती.

२०२३ च्या जुलैत नायजरमधे लष्कराने सत्ता घेतली, बेनिनची हद्द बंद झाली, पैसे थांबले, मी परत आले. एवढीच ती गोष्ट, त्यावर मला सल्ले नकोत.

आणि हो, चराईबंदी. मी आल्यापासून गावातली पोरं मागे लागलीत की गायरानावर चर खणू, झाडं लावू, चराईबंदी करू, तुमचा अनुभव आहे. कॉलेजात असताना शेजारच्या गावच्या चराईबंदीसाठी मी घोषणा दिल्यात, झाडं आली, विहिरींना पाणी आलं, खोटं का बोलू, आणि मेंढरांच्या वाड्यांनी त्या गावची वाट सोडली तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. चराईबंदी चूक असं मी म्हणत नाहीये. बरोबर असंही आता म्हणवत नाही.

पोरांनी ग्रामसभा जानेवारीत ठेवली होती. मी म्हटलं जानेवारीत वाडे कोकणात असतात, मिरगात ठेवा, मेंढरंवाले येतील. ते म्हणाले ताई, मिरगात पेरण्या असतात, शेतकरी येणार नाहीत. चार महिने झाले, ग्रुपवर रोज भांडण चाललंय, तारीख अजून ठरलेली नाही.