पुण्यात बसून ब्रिटनचा कर पाउंडात भरताना

रेडिंगमधला फ्लॅट आम्ही २०१४ साली घेतला. २०१९ च्या जूनमध्ये कायमचं पुण्याला परत आलो, तेव्हा तो विकायचा धीर झाला नाही. भाड्याने दिला. ब्रिटनमधल्या घराच्या भाड्यावर तिथलं सरकार कर लावतं, मग मालक कुठेही राहो. म्हणून दर वर्षी तिथलं सेल्फ असेसमेंट रिटर्न, म्हणजे आपला कर आपणच मोजून द्यायचं विवरणपत्र, मी पुण्यातून भरते. पहिली काही वर्षं त्यात काहीच अडलं नाही. भाडं तिथल्या खात्यात जमा व्हायचं आणि कर तिथूनच जायचा.

२०२३ मध्ये तिथल्या बँकेचं पत्र आलं, की देशाबाहेर राहणाऱ्यांची खाती आम्ही बंद करतो आहोत. सप्टेंबरात खातं गेलं. एजंट भाडं पुण्यातल्या रुपयांच्या खात्यात पाठवू लागला. कर मात्र पाउंडातच भरायचा होता.

मुदत ३१ जानेवारी २०२४. रक्कम १,७१२ पाउंड ४० पेन्स. त्यात २०२२-२३ ची बाकी होती आणि २०२३-२४ चा पहिला आगाऊ हप्ताही होता. आदल्या वर्षीचा कर १,००० पाउंडांच्या वर गेला आणि त्यातला बहुतेक आधीच कापलेला नसला, की पुढच्या वर्षासाठी जानेवारीत निम्मा आणि जुलैत निम्मा आगाऊ मागतात.

मी बँकेत गेले बुधवारी, २४ जानेवारीला. आठवडाभर हातात आहे असं वाटत होतं. कॅलेंडर नीट बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. शुक्रवारी प्रजासत्ताक दिन, २७ ला चौथा शनिवार, मग रविवार. म्हणजे सलग तीन दिवस बँक बंद.

काउंटरवरची मुलगी मनापासून मदत करत होती, पण परदेशी सरकारचा कर भरायला तिच्याकडे आजवर कोणी आलं नव्हतं. परदेशी पैसे पाठवायच्या ए-२ फॉर्मवर पैसे कशासाठी जाताहेत याचा कोड लिहावा लागतो. तिने कुटुंबाच्या खर्चाचा कोड टाकला. मी तिथूनच आमच्या सीए बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, एस १३०६ लिहा, तो करभरण्याचा कोड आहे आणि त्याला १५सीए फॉर्म, म्हणजे परदेशी पाठवलेल्या पैशांची आपल्या आयकर खात्याला द्यायची माहिती, लागत नाही. मुलीने यादी उघडली आणि कोड सापडला. चुकीच्या कोडवर पैसे गेले असते, तर पुढे मायदेशातल्या रिटर्नमध्ये हाच कर भरल्याचं दाखवताना कागद जुळले नसते.

दुसरी अडचण संदर्भ क्रमांकाची. ब्रिटनच्या कर खात्याला, म्हणजे एचएमआरसीला, पैसे कोणाचे हे आपल्या नावावरून कळत नाही. आपला दहा अंकी यूटीआर, म्हणजे तिथला करदाता क्रमांक, आणि त्यापुढे के हे अक्षर, एवढ्यावरच ते जुळवतात. शिवाय त्यांची दोन खाती आहेत, कंबरनॉल्ड आणि शिपली. बिलावर जे असेल ते वापरायचं, कळत नसेल तर कंबरनॉल्ड. मुलीने संदर्भाच्या रकान्यात ‘टॅक्स पेमेंट’ लिहिलं होतं. मी ते बदलून घेतलं आणि छापील फॉर्मवर एकेक अंक बोटाने वाचून पाहिला.

बँकेने मला पाउंड १०८ रुपये ४० पैशांना दिला. बाजारात तेव्हा तो साडेएकशेपाचच्या आसपास होता. एवढ्यावरच सुमारे पाच हजार गेले. वर बँकेची फी आणि पैसे बदलण्यावरचा जीएसटी. भाडं रुपयांत बदलून आलं तेव्हाही असंच कापलं गेलं होतं. आपलेच पाउंड इकडे येताना एकदा आणि तिकडे जाताना पुन्हा कापले जात होते. याचं मला खरंच वाईट वाटलं.

पैसे ३० तारखेला पोहोचले. मुदत गाठली म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. चार दिवसांनी ऑनलाइन खातं उघडलं तर १८ पाउंड बाकी! फॉर्मवर शुल्काच्या जागी ‘एसएचए’ वर खूण होती. म्हणजे शुल्क दोघांनी वाटून घ्यायचं. मधल्या बँकेने आपलं शुल्क पाठवलेल्या रकमेतूनच काढून घेतलं होतं. बाकीवर दिवसागणिक व्याज सुरू होतं. ते काही पेन्सच होतं, पण बाकी ३० दिवसांच्या पुढे गेली की त्यावर ५ टक्के दंडही लागतो. १८ पाउंड पुण्याहून पाठवायला त्याहून जास्त खर्च आला असता. शेवटी रेडिंगमध्येच राहणाऱ्या भाच्याला फोन केला. माझा संदर्भ क्रमांक टाकून त्याने स्वतःच्या डेबिट कार्डने भरले. असं दुसऱ्याने भरलेलं चालतं.

मार्चमध्ये मी आरएफसी खातं उघडलं. परदेशातून कायमचे परतलेल्यांना भारतीय बँकेत परकीय चलनात ठेवता येणारं हे खातं. तिकडे असताना घेतलेल्या मालमत्तेचं भाडं त्यात पाउंडातच जमा करता येतं आणि परदेशी देणी त्यातूनच देता येतात. २०१९ मध्ये परतलो तेव्हाच हे कोणीतरी सांगायला हवं होतं. बँकेत विचारलं तेव्हा शाखेत माहिती असणारे एकच गृहस्थ निघाले, तेही दुसऱ्या दिवशी भेटले. जमलं तर फोन करून वेळ घेऊन जा.

मायदेशातल्या रिटर्नचा भाग मात्र अजूनही डोकं खातो. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल, आपलं १ एप्रिल ते ३१ मार्च. आपल्याकडे भाडं रुपयांत मांडताना वर्षाच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक परकीय चलन ज्या भावाने विकत घेते तो, धरायचा. भरलेल्या कराची वजावट फॉर्म ६७ मध्ये मागताना मात्र कर भरला त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा दर. जानेवारीतल्या हप्त्याला ३१ डिसेंबर २०२३ चा, भाड्याला ३१ मार्च २०२४ चा. दोन्ही दिवस रविवार! त्याआधीचा जाहीर झालेला दर धरला आणि त्याचा पुरावा फाइलला जोडला.

सीए बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिचा मला सर्वांत उपयोग झाला. ब्रिटनचं रिटर्न जानेवारीपर्यंत ताटकळत ठेवायचं काही कारण नाही, ६ एप्रिलनंतर केव्हाही भरता येतं. मी २०२४ मध्ये ते मे महिन्यात भरलं. म्हणजे पूर्ण वर्षाचा कर जुलैच्या आत कळला आणि आपल्या रिटर्नमध्ये दाखवण्याआधी तो भरूनही झाला.

८ जुलैला आरएफसी खात्यातून पैसे पाठवले. शुल्काच्या जागी या वेळी ‘ओयूआर’ वर खूण केली, म्हणजे सगळं शुल्क मी वेगळं देणार. पाच दिवसांनी एचएमआरसीचं खातं उघडलं. पाठवलेली रक्कम पेनीसकट जमा होती, बाकीच्या जागी शून्य. त्या पानाचा प्रिंट काढून फॉर्म ६७ च्या फाइलला लावला आणि भाच्याला कळवलं, या वेळी तुझं कार्ड नको.