आमची वाटचाल : तेलाच्या डब्यापासून बियाण्याच्या लॉटपर्यंत

आमचा मूळ धंदा सुगंधी तेलांचा. गवती चहा, ओवा, लवंग, दालचिनीची साल यांची तेलं आणायची, गाळायची आणि साबण-अत्तरवाल्यांना पुरवायची. बियाण्याकडे वळलो ते एका सेंद्रिय बियाणे उत्पादकामुळे. त्यांना बियाण्याला लावायची थायरम-कॅप्टान ही रासायनिक बुरशीनाशकं चालत नव्हती. "तुमच्या तेलानं बुरशी मरते म्हणतात, मग द्या की लावून!" एवढीच त्यांची मागणी.

मरते, यात शंका नाही. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड, गवती चहातलं सिट्राल ही द्रव्यं बुरशीच्या पेशीच्या पडद्यात शिरतात, पडदा फुटका होतो आणि आतला ऐवज झिरपून जातो. पण पडदा कोंबाच्या पेशींनाही असतो. मात्रा थोडी चढली की बी फुगतं, मूळ जेमतेम डोकावतं आणि त्याचं टोक तपकिरी पडून वाढ तिथंच थांबते. लवंगेचं तेल तणनाशकातही वापरतात, यातच काय ते आलं. बुरशी दबेल आणि उगवण टिकेल अशी मात्रेची पट्टी अरुंद असते. ती पिकागणिक, कधी कधी वाणागणिकही वेगळी निघते. आमचा बराचसा धंदा ही पट्टी शोधण्याचाच आहे.

म्हणून तेलाआधी आम्ही तपासणीची खोली उभी केली. पेट्रीडिशमध्ये ओल्या टिपकागदाचे तीन थर, त्यावर मोजून मांडलेले दाणे, बारा तास उजेड, बारा तास अंधार. सात दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की प्रत्येक बुरशी आपली ओळख सांगते. अल्टरनेरियाचे बीजाणू साखळीत, अ‍ॅस्परजिलस नायजरची काळी टाचणीडोकी, फ्युजेरियमचा पांढरा-गुलाबी कापूस. शेजारी त्याच लॉटची उगवण चाचणी लावलेली असते. तिथं आम्ही पहिली मोजणी आणि शेवटची मोजणी वेगवेगळी बघतो. तेल लावलेलं बी पुष्कळदा उशिरा उगवतं; शेवटचा आकडा चांगला असला तरी पहिला पडलेला असेल तर शेतात रोपं मागंपुढं होतात. गिऱ्हाईक फक्त शेवटचा आकडा विचारतं. आम्ही दोन्ही देतो.

तेलाचेही नखरे असतात. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, तळाशी बसतं; गवती चहाचं हलकं, वर तरंगतं. नुसतं ढवळून भागत नाही. नीट इमल्शन (पाण्यात तेलाचे बारीक थेंब एकसारखे मिसळलेलं दुधाळ मिश्रण) झालं नाही तर काही दाणे तेलात न्हातात आणि काही कोरडेच राहतात. रबरी वायसर फुगतात, साध्या प्लास्टिकचे डबे मऊ पडतात. म्हणून साठवण काचेत नाहीतर अ‍ॅल्युमिनियममध्ये, झाकण घट्ट, जागा अंधारी. शिवाय वनस्पती तीच असली तरी जात, कापणीचा हंगाम आणि ऊर्ध्वपातन यांनुसार तेलाचा घटक बदलतो. नावावर भरवसा ठेवून चालत नाही, त्यामुळे प्रत्येक ड्रमचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा (तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा) अहवाल पाहिल्याशिवाय तो बीजप्रक्रियेला जात नाही.

कुठे नाही म्हणायचं हेही ठरवून टाकलं. गव्हाच्या काणीची (ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी होते त्या रोगाची) बुरशी बियाण्याच्या गर्भातच लपून बसते. दाणा बाहेरून निरोगी दिसतो, टिपकागदावरही ती सापडत नाही, आणि वरून लावलेलं तेल तिथवर पोचत नाही. अशा लॉटसाठी आम्ही तेल विकत नाही. सालीवर किंवा सालीच्या लगत असलेल्या बुरशीवर मात्र हात चालतो. विक्रीचे काही लोक यावर नाराज असतात, असू देत.

युरोपीय महासंघानं २०१३ मध्ये युजेनॉल, जिरॅनिऑल आणि थायमॉल या तिघांना पीकसंरक्षणासाठी मान्यता दिली, तेव्हापासून वनस्पतीजन्य मालाच्या जाहिरातींना ऊत आला आहे. या तिघांच्या मिश्रणाचा गाजलेला वापर द्राक्षावरच्या बोट्रायटिस या करड्या बुरशीवर आहे, बियाण्यावर नव्हे. जाहिरातवाले एवढं कशाला सांगतील!

सध्या डोकं घालतोय ते तेल उडून जाण्यावर. पेरल्यावर तेलाचा असर फार दिवस राहत नाही. जमिनीतल्या बुरशीपासून संरक्षण हवं असेल तर दुसरी सोय करावी लागते. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) चालतो, पण तेलाबरोबर एकाच टाकीत नाही, कारण तोही बुरशीच. आधी तेल, मग बी सुकू द्यायचं, वास उतरला की ट्रायकोडर्मा. तेल सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये (स्टार्चपासून बनलेल्या, तेलाला आत धरून ठेवणाऱ्या कड्यासारख्या रेणूत) बांधून बियाण्यावर लेप द्यायचं काम भुईमुगावर सुरू केलंय. शेंगा फोडताना साल दुखावलेले दाणे अजून त्रास देतात, तेल आत शिरून कोंब पोळतो. म्हणून लेपाआधी फुटके दाणे वेगळे काढणारी चाळणी बसवतोय.