जेट्टीखाली शेळ्या

साहेब गाडीतून उतरले, तलावाकडे बघितलं आणि कन्नडमध्ये दोनच शब्द बोलले, "नीरु एल्लि?" पाणी कुठंय?

माझ्या पोटात गोळा आला. ठेकेदार माझ्याकडे बघायला लागला, पंचायतीचा क्लार्क फायलीत डोकं घालून बसला. नकाशा माझा होता.

बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावाचं हे काम. गावतलावात बोटिंग सुरू करायचं म्हणून २५ लाखांचं सरकारी अनुदान मंजूर झालेलं. त्यात काँक्रीटची जेट्टी, उतरायला पायऱ्या, हंसाच्या आकाराच्या दोन पायडल बोटी, वीस लाइफ जॅकेट, तिकिटाची खोली आणि सौरदिवे. शेवटचा हप्ता सुटण्याआधीची पाहणी मे महिन्यात ठेवली होती. मी बाहेरचा इंजिनिअर. पंचायतींची एस्टिमेटं करून देणं हा माझा धंदा.

जेट्टीच्या टोकापासून पाणी सात मीटर लांब. मध्ये भेगाळलेला गाळ. जेट्टीच्या सावलीत चार शेळ्या बसलेल्या, रवंथ करत. दोन हंसांपैकी एक कलंडलेला आणि त्याच्या सीटखाली कुत्रीनं पिल्लं घातलेली. ठेकेदाराचा माणूस पिल्लं हुसकायला गेला, तर कुत्रीनं त्यालाच पळवलं. सगळे हसले. मीही हसलो, पण ते हसू काही खरं नव्हतं.

चूक कशी झाली ते सांगतो. सर्व्हे मी सप्टेंबरात केला होता, गणपती विसर्जनानंतर चारच दिवसांनी. सांडव्यावरून पाणी वाहत होतं, तलाव काठोकाठ. भरलेल्या पाण्याची पातळी घेतली, तिच्यावर ४५ सेंटीमीटर ठेवून स्लॅब काढला, जेट्टी सहा मीटर आत नेली. टोकाला सव्वा मीटर पाणी मिळालं. कागदावर झकास. पण उन्हाळी भाजीपाल्याचे पंप लागले आणि ऊन तापलं की हाच तलाव अडीच मीटरहून जास्त उतरतो. काठाचा उतार एकास पाच. म्हणजे पाणी आडवं तेरा मीटर मागं सरकतं. हा हिशोब दहावीचं पोरगं करेल. मी केला नाही.

आणि मला कुणी सांगितलं नव्हतं, असंही नाही. तलावात मासे धरणारे एक तात्या तेव्हा काठावर जाळं विणत बसले होते. माझी लेव्हल मशीन बघून म्हणाले, "सायबा, आत्ता काय मोजतोस? चैतात ये की, मग दावतो तळं केवढं हाय ते." मी म्हणालो, "तात्या, मार्चच्या आत पैसे खर्च नाही झाले तर परत जातील." ते पुन्हा जाळ्याला लागले. आमच्याकडं ग्रामसभेत बोलणं मराठीत, अर्ज कन्नडात आणि एस्टिमेट इंग्रजीत. तात्यांचं वाक्य पहिल्याच पायरीवर गळालं.

तरंगती जेट्टी मला ठाऊक नव्हती का? होती. अर्धा-अर्धा मीटरचे पोकळ प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत अडकवतात, ते पाण्याबरोबर वर-खाली होतात, काठापासून एक बिजागरीचा पूल सोडतात. पण सरकारी दरसूचीत काँक्रीटचा दर सापडतो, ठोकळ्यांचा मला सापडला नाही. मग तीन कोटेशनं आणा, रेट अ‍ॅनालिसिस करा, वर ऑडिटवाला विचारणार, हाच पुरवठादार का? काँक्रीट एका संध्याकाळी लिहून होतं. मी संध्याकाळ निवडली.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मिशिगनला असतो. तिकडं बोटीच्या धक्क्यांना अनुदान मिळतं ते मोटरबोटींच्या पेट्रोलवरच्या आणि मासेमारीच्या सामानावरच्या करातून; पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत केंद्राचे, बाकी राज्यानं घालायचे. त्यानं एकदा सांगितलेलं, बोट उतरवायच्या उताराचं टोक सगळ्यात कमी पाण्याच्याही खाली न्यावं लागतं. तेव्हा मी "हो का" म्हणून फोन ठेवला होता.

साहेब ओरडले नाहीत. जॅकेटं दाखवा म्हणाले. कपाटाची चावी सापडायला वीस मिनिटं गेली. जॅकेटं नवी कोरी, प्लास्टिकमध्ये सीलबंद. बघायला जमलेल्या पोरांपैकी एका सात-आठ वर्षांच्या मुलाला साहेबांनी बोलावलं, स्वतः बकल लावले आणि दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून वर उचललं. मुलगा जागच्या जागी राहिला, जॅकेट त्याच्या कानांपर्यंत वर आलं. पाण्यात काय झालं असतं ते सांगायची गरजच नव्हती. वीसच्या वीस मोठ्या माणसांच्या मापाची. आणि बोटीत बसणार कोण? शाळेची सहल.

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून सहलीला आलेली बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. ती बातमी मी वाचली होती. तरीही एस्टिमेटमध्ये मी लिहिलं होतं, "लाइफ जॅकेट, नग २०." माप नाही, वजन नाही. जेट्टीपेक्षा ती ओळ मला जास्त लागली.

मग फोटोचा कार्यक्रम. उपयोगिता प्रमाणपत्राला, म्हणजे अनुदान कामावर खर्च झाल्याच्या दाखल्याला, जिओटॅगचे (जागेची नोंद असलेले) फोटो लागतात. क्लार्क हुशार, तो काठावर चक्क पालथा झोपला आणि मोबाइल जमिनीला टेकवून म्हणाला, "सर, इथनं घेतलं की गाळ दिसत नाही, जेट्टीमागं सरळ पाणीच येतंय." खरंच येत होतं. ठेकेदाराचा चेहरा उजळला. खोटं कशाला बोलू, माझाही.

साहेबांनी फोटो पाहिला आणि त्याला उठायला सांगितलं. "उभं राहून काढ. शेळ्यांसकट."

शेरा त्यांनी तिथंच बॉनेटवर फाइल ठेवून लिहिला: हप्ता थांबवावा, लहान मापाची दहा जॅकेटं आणावीत, तरंगत्या भागाचा सुधारित प्रस्ताव द्यावा. खाली माझी सही घेतली. शाई उन्हानं लगेच वाळली.

गाड्या गेल्यावर तात्या आले. मला वाटलं, आता टोमणा. त्यांनी तंबाखूची डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि गाळ तुडवत पाण्यापर्यंत गेले. एक जुनी खुंटी पाण्यात रोवलेली होती, तिच्यावर पाण्याबरोबर रेघ ओढली. "ही मेची," म्हणाले. "अजून पंधरा दिवस उतरतंय. परत ये, आणि टेप घेऊन ये."

जूनच्या पहिल्या तारखेला गेलो. पाणी त्या रेघेच्या एक वीत खाली होतं.