'ग्राहक उपलब्ध नाही': गेकोच्या टाकीसाठी किडे मागवण्याचा माझा अनुभव

माझ्याकडे गेको आहे, म्हणजे पाळीव पाल. तिची बायोॲक्टिव्ह टाकी, म्हणजे मातीतले किडेच साफसफाई करतात अशी काचेची टाकी, कशी लावायची याचे मी पाहिलेले सगळे व्हिडिओ थंड देशांतले होते. मे महिन्यात नागपुरात जिवंत किडे कुरिअरने मागवणं काय प्रकार असतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? म्हणून लिहितेय.

टाकीचं काही विशेष नाही. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच, समोरून उघडणारी. काचवाल्याने करून दिली. तळाला विटांचे तुकडे, त्यावर मच्छरजाळी, वर माती. फक्त आपली काळी माती नको. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. लाल माती, कोकोपीट आणि थोडी रेती घ्या. कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते दोन-तीन पाण्यांनी धुवा.

माझा गेको आफ्रिकन फॅट-टेल जातीचा, मूळ पश्चिम आफ्रिकेतला. त्याला दमटपणा लागतो, आणि दमट मातीत शी, मेलेले रातकिडे पडले की बुरशी आलीच. ती साफसफाई करायला स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड लागतात. स्प्रिंगटेल म्हणजे बुरशी खाणारे पांढरे ठिपके. आयसोपॉड चौदा पायांचे, झिंगे-खेकड्यांचे नातलग. ओल गेली की त्यांना श्वासच घेता येत नाही. हे दोघं नसतील तर ती टाकी नाही, नुसती कुंडी.

घोडं अडलं ते इथेच. बंगळुरूच्या विक्रेत्याने डबा पाठवला. मेलेले निघाले तर पुन्हा पाठवणार, पण डबा मिळाल्यापासून दोन तासांत उघडतानाचा व्हिडिओ हवा, ही त्याची अट. पार्सल नागपुरात वेळेवर आलं आणि मोबाइलवर मेसेज पडला, 'ग्राहक उपलब्ध नाही'. मी दिवसभर घरी, फाटकाकडे डोळे लावून! कुरिअरवाल्याला फोन केला तर, "ताई, सिस्टमवर घर बंद दाखवून राहिलं ना." दुसऱ्या दिवशी तोच मेसेज. शेवटी कुरिअरच्या वाडीतल्या गोदामावर गेले. तिथला माणूस म्हणाला,

"पार्सल गाडीत लोड झालं. आता संध्याकाळीच येईन."

गाडी समोरच उभी होती. बंद, पत्र्याची, भर उन्हात. पारा 45 च्या आसपास. म्हटलं, दादा, काढून द्या, आत जिवंत किडे आहेत. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "किडे? विकत आणले? काऊन?" मग शेजारच्याला हाक मारून त्यालाही सांगितलं. दोघं पोटभर हसले, गाडी काही उघडली नाही.

संध्याकाळी डबा आला. किड्यांसाठी आत ठेवलेला ओला कोळसा खडखडीत वाळलेला, हालचाल शून्य. व्हिडिओ पाठवला तर विक्रेत्याचं उत्तर: ट्रॅकिंगवर डबा सकाळीच पोहोचल्याची नोंद आहे, दोन तास उलटले. म्हणजे मी गोदामात उभी राहून विनवत होते, तेव्हा सिस्टमच्या मते डबा माझ्या हातात होता! तक्रारीला नंबर मिळाला, पैसे नाही.

शेवटी पुण्याच्या एका हौशी मुलाने थर्माकोलच्या खोक्यात, कागदात गुंडाळलेल्या गार बाटलीसोबत दोन्ही जीव एसी ट्रॅव्हल्सने पाठवले. क्लीनरला चहापाण्याचे दिले. पहाटे रविनगर चौकात खोकं हातात आलं आणि झाकण उघडताच आयसोपॉड सैरावैरा धावले. इतका आनंद मला गेको घरी आला तेव्हाही झाला नव्हता. तेव्हा एक तर उन्हाळ्याआधी मागवा, नाहीतर रात्रीची ट्रॅव्हल्स गाठा.

किड्यांसाठी मातीवर पसरायचा पाला देशी बदामाचा किंवा पेरूचा घ्या, उकळून गच्चीवर वाळवा. कडुनिंब कॉलनीभर पडलेला असतो, पण तो घालू नका. पिकांवरची कीड मारायला वापरतात तोच. संत्र्याची सालही नको. टाकीच्या खोलीत मच्छरांचं लिक्विड मशीन लावू नका, आणि पावसाळ्यात धूर फवारणीची गाडी आली की खिडक्या बंद करून टाकीवर ओली चादर टाका. आयसोपॉडना कॅल्शियम म्हणून अंड्याच्या टरफलांची पूड देते. टरफलं ठेवली की पाली पळतात, असं आई ठामपणे सांगते. आमच्याकडे पाल त्यांच्याच शेजारी झोपते.

हो, बिल जपून ठेवा. परदेशी प्राण्याची जात वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत असेल, तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आपल्याकडच्या रानातल्या पाली धरून आणायच्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

किडे सोडल्यावर महिनाभर तरी टाकी रिकामी ठेवा. गेको तोवर टिश्यू पेपर अंथरलेल्या डब्यात खुशाल राहतो. उन्हाळ्यात खोलीत कूलर लावला की गारवा आणि दमटपणा दोन्ही मिळतात. डिसेंबरात मात्र हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई लागते, आणि ती थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय) लावू नका.