वॉर्सॉच्या जुन्या गावात

आज तीन तास नुसती पायपीट केली, पण पाय दुखतायत हे आत्ता हॉटेलवर आल्यावर कळलं.

पोलंडच्या राजधानीचं, वॉर्सॉचं जुनं गाव दिसतं तीन-चारशे वर्षांपूर्वीचं, पण बहुतेक घरं माझ्या आईच्या वयाची आहेत. 1944 मध्ये इथल्या लोकांनी जर्मन ताब्याविरुद्ध केलेल्या उठावानंतर जर्मनांनी हा भाग ठरवून उद्ध्वस्त केला, 85 टक्क्यांहून जास्त. लोकांनी ढिगाऱ्यातल्या विटा वेचून तो परत उभारला. अठराव्या शतकातल्या बेलोत्तो नावाच्या चित्रकाराची शहराची चित्रं समोर ठेवून खिडक्या, कंगोरे जुळवले म्हणे! 1980 मध्ये युनेस्कोने वारसा यादीत घेतलं ते असं पुन्हा उभारलं म्हणूनच.

राजवाड्याशेजारी सिगिसमुंड राजाच्या स्तंभाचे जुने तुकडे आडवे ठेवलेत. एकावर हात ठेवला. थंडगार दगड. बाजूला एक आजोबा नातवाला काहीतरी सांगत होते. भाषा कळली नाही, तरी मी तिथेच उभी राहिले.

मग मुद्दाम चालत माँटे कॅसिनो स्मारकापाशी गेले, दुसऱ्या महायुद्धात इटलीत त्या ठिकाणी लढलेल्या पोलिश सैनिकांचं ते स्मारक. तिथे जवळच कोल्हापूरचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले जवळपास पाच हजार पोलिश लोक, त्यात बायका-मुलंच जास्त, 1943 ते 48 आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. इतक्या लांब येऊन तिथे 'कोल्हापूर' वाचलं आणि डोळे भरून आले. आईला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "फूल ठेवलंस का गं?"

उद्या सकाळी घेऊन जाते.