ग्लॉक २२ ची नळी बदलून .४० वरून ९ एमएम: माझा अनुभव

एफबीआयने १९९७ मध्ये .४० एस अँड डब्ल्यू हे कॅलिबर (गोळीचं माप) घेतलं आणि २०१६ मध्ये ती पुन्हा ९ एमएमवर आली. अमेरिकेतल्या बऱ्याच पोलीस खात्यांनीही तोच रस्ता धरला, आणि त्यांची वापरलेली .४० ची ग्लॉक २२ पिस्तुलं दुकानांत स्वस्तात मिळू लागली. माझ्याकडचं पिस्तूल त्यातलंच, जेन-३, म्हणजे तिसऱ्या पिढीचं. पिस्तूल स्वस्त, पण .४० च्या गोळ्या ९ एमएमपेक्षा महाग. रेंजवर सरावाला दोनशे गोळ्या उडवायच्या तर फरक खिशाला जाणवतो. म्हणून कन्व्हर्जन बॅरल, म्हणजे कॅलिबर बदलणारी नळी.

आधी एक गैरसमज. ग्लॉक १७ ची (९ एमएमच्या जुळ्या पिस्तुलाची) कंपनीची नळी २२ च्या स्लाइडमध्ये, म्हणजे नळीवरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागात, बसवून भागत नाही. ती आत जाते, पण डुगडुगते, कारण २२ च्या स्लाइडचं तोंड आणि वरची खिडकी दोन्ही .४० च्या जाड नळीच्या मापाची. कन्व्हर्जन बॅरल बाहेरून .४० च्या मापाची आणि आतून ९ एमएमची असते. विकत घेताना वर्णनात ‘.४० ते ९ कन्व्हर्जन’ असं स्पष्ट लिहिलेलं पाहून घ्या. उलटा प्रवास, म्हणजे १७ ची २२ करणं, नुसत्या नळीने होत नाही. ९ एमएमच्या स्लाइडमध्ये .४० च्या पुंगळीचं (गोळीच्या पितळी नळकांड्याचं) बूड मावतच नाही.

बदलण्याचं काम पाच मिनिटांचं. मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढा, स्लाइड मागे अडकवून चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही तपासा. गोळ्या खोलीतच ठेवू नका. ग्लॉक उघडायला ट्रिगर दाबावाच लागतो, आणि याच पायरीवर चेंबरमध्ये विसरलेली गोळी सुटते. त्यामुळे तपासणी दोनदा, तोंड सुरक्षित दिशेला, स्लाइड पुढे सोडायची, मगच ट्रिगर. स्लाइड साधारण ३ मि.मी. मागे ओढून धरायची, दोन्ही बाजूंचे छोटे खटके एकदम खाली दाबायचे, स्लाइड पुढे सरकवून काढायची. जास्त मागे ओढली तर ट्रिगर पुन्हा पुढे येतो आणि सगळं पहिल्यापासून. स्प्रिंग किंचित पुढे दाबून उचला, नळी थोडी पुढे सरकवून वर काढा. नवी नळी उलट क्रमाने बसवा. स्प्रिंगच्या मागच्या टोकाची चकती नळीच्या पोटाशी असलेल्या अर्धचंद्राकृती खाचेतच बसली पाहिजे. ती खाच सोडून खाली बसली की स्लाइड अडते.

नळी बसवण्याआधी ती सुटी हातात धरून एक चाचणी करतो, रेंजवर. चेंबरमध्ये ज्या ब्रँडच्या गोळ्या वापरायच्या त्यातली एक सोडायची. ‘टक्’ असा आवाज करून ती बसली पाहिजे, बोटाने फिरवली तर फिरली पाहिजे आणि नळी उलटी केली की आपल्या वजनाने बाहेर पडली पाहिजे. बाहेरच्या कंपन्यांच्या नळ्यांचं चेंबर कंपनीच्या नळीपेक्षा आवळ असतं. फॅक्टरीच्या गोळ्यांना अडचण येत नाही, पण घरी पुन्हा भरलेल्या गोळ्या फुगीर असतील तर स्लाइड शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरवर थांबते. ती तळव्याने ठोकून बंद करू नका, गोळी बदला.

खरी डोकेदुखी पुंगळीच्या बुडाची. .४० चं बूड १०.७७ मि.मी., ९ एमएमचं ९.९६. या ०.८१ मि.मी.ने मॅगझिन, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारा भाग) आणि इजेक्टर (ती बाहेर फेकणारा भाग) तिघांनाही त्रास होतो.

मॅगझिनपासून सुरुवात करा. .४० च्या मॅगझिनचे ओठ रुंद, त्यात ९ एमएमची गोळी सैल राहते आणि वर येताना नाक खुपसते. दहा गोळ्या नीट जातील, अकरावी अडकेल. ग्लॉक १७ चं मॅगझिन २२ च्या मुठीत व्यवस्थित बसतं, ते दोन घेऊन टाका. ते १७ गोळ्यांचं असतं. न्यू जर्सीसारख्या राज्यात १० गोळ्यांची मर्यादा आहे, तिथे १० वालंच घ्या.

एक्स्ट्रॅक्टरचा आकडा (हूक) .४० च्या बुडासाठी बनलेला, त्यामुळे ९ एमएमवर त्याची पकड हलकी पडते. सुट्या स्लाइडमध्ये आकड्याखाली डमी गोळी सरकवून हलकेच हलवा. टिकली तर आकडा बदलायची गरज नाही. माझा आहे तसाच चालतो.

इजेक्टर ट्रिगर हाउसिंगचाच (ट्रिगरचे भाग धरणाऱ्या खोक्याचाच) भाग. जेन-३ मध्ये .४० च्या इजेक्टरवर १८८२ आणि ९ एमएमच्या इजेक्टरवर ३३६ हा क्रमांक असतो. १८८२ ठेवूनही पुंगळ्या बाहेर पडतात, पण दिशा बेभरवशाची, मधूनच एखादी गरम पुंगळी कपाळावर. त्रास होत असेल तर ३३६ चं हाउसिंग बसवा. पण .४० वर परत जाताना तेही परत बदलावं लागतं, म्हणून मी चष्म्यावर भागवतो.

जेन-३ मध्ये १७ आणि २२ चं रिकॉइल स्प्रिंग सारखंच, १७ पौंडांचं, पण २२ ची स्लाइड जड. ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) कमी जोराच्या गोळीने ती पुरती मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकते, धुराड्यासारखी. १२४ ग्रेनची गोळी लावली की बहुतेक वेळा हे थांबतं. मनगट ढिलं असेल तर कुठलीही गोळी लावा, अडकणारच. नव्या नळीच्या पहिल्या दोनशे गोळ्या निव्वळ चाचणीच्या धराव्यात. नेमही थोडा खाली जातो. १५ यार्डांवर पिशवीवर टेकवून पाच-पाचचे गट पाडून बघा, आणि मगच साइटला (नेम धरायच्या खुणेला) हात लावा.

जी चूक महागात पडते ती वेगळीच. .४० ची नळी परत बसवलेली असताना मॅगझिन ९ एमएमचं राहून गेलं, तर ती बारीक गोळी एक्स्ट्रॅक्टरच्या आधाराने चेंबरमध्ये धरली जाऊ शकते आणि उडतेही. पुंगळी फुगते किंवा फाटते. उलट चूक, म्हणजे .४० ची गोळी ९ एमएमच्या नळीत, होतच नाही, ती आत जात नाही. म्हणून ९ एमएमच्या मॅगझिनच्या बुडाला लाल टेप, आणि रेंजवर एका दिवशी एकाच कॅलिबरचा डबा.

अमेरिकेत केंद्रीय कायद्याने अनुक्रमांकाची फ्रेम म्हणजे शस्त्र, नळी सुटा भाग. राज्यांचे नियम मात्र वेगळे असू शकतात, ते आधी बघा. भारतातल्या वाचकांनी यातलं काहीच करू नये. तिथे ९ एमएम प्रतिबंधित बोअर आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रांतच मोडतात.