वर्दळीच्या कालव्यावर गरवणं: या मोसमाच्या नोंदी

जागा बदललेली नाही. तोच कालवा, काठाला खेटून जाणारी तीच वाट, आणि वाटेवर सायकलवाले, पळणारे, कुत्री मोकळी सोडणारे, पाण्यात दगड भिरकावणारी पोरं. मधून बोटींची ये-जा. बदलली ती माझी गरवण्याची, म्हणजे गळाने मासे धरण्याची, पद्धत, आणि या मोसमात त्याचा फरक उघड दिसतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणसांच्या कुठल्या वागण्याने मासा बिथरतो आणि कुठल्या वागण्याने नुसता मी बिथरतो, हे वेगळं काढायचं मी ठरवलं होतं. काठावर बसलं की सगळाच गोंगाट अंगावर येतो आणि मासा न लागल्याचं खापर आपण सगळ्यांवर सारखंच फोडतो. पाण्याखाली हिशोब फार निराळा आहे.

आधी आवाजाचं. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. पण हवेतला आवाज पाण्यात शिरतानाच अडतो. त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा पृष्ठभागावरून परत फिरते, हजारातला एखादा हिस्सा आत जातो. पाठीमागे उभा राहून कोणी फोनवर तारस्वरात बोलत असेल, स्पीकर लावून जात असेल, तर तो त्रास बहुतेक माझा एकट्याचा.

याचा अर्थ मासा बहिरा आहे असा मुळीच नाही. कार्प आणि मांगूर ज्या गटात येतात, त्या गटातल्या माशांच्या पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेली असते. ही हाडं अर्न्स्ट वेबर या शरीरशास्त्रज्ञाने 1820 मध्ये वर्णन करून ठेवली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जातात. कार्ल फॉन फ्रिश या प्राणीशास्त्रज्ञाने तर एका आंधळ्या कॅटफिशला शिट्टी ऐकून खायला बाहेर यायला शिकवलं आणि 1923 मध्ये ते प्रसिद्ध केलं. मला त्यातली मोलाची गोष्ट ही वाटते की तो मासा आवाजाला भ्याला नाही, आवाजाचा अर्थ शिकला. ज्या आवाजामागून कधीच काही वाईट येत नाही, त्याकडे मासे हळूहळू दुर्लक्ष करायला लागतात. वर्दळीच्या पट्ट्यातले मासे सततच्या गलबल्याला सरावलेले असतात. त्यांना हलवतो तो अचानक झालेला बदल.

आणि हादरा. काठाच्या फरसबंदीवर कोणी धाडधाड पळत गेलं की तो धक्का जमिनीतून आणि काठाच्या भिंतीतून सरळ पाण्यात उतरतो. माशाच्या दोन्ही अंगांना पार्श्वरेषा असते, तिला जवळच्या पाण्याची बारीकशी हालचालही कळते. म्हणून बसायची जागा निवडताना मी आता गर्दी किती आहे हे दुय्यम मानतो. वाट पाण्यापासून किती लांब आहे आणि मध्ये काय आहे, ते आधी बघतो. गवताची रुंद पट्टी आणि मऊ मातीचा उतार असेल तर मागून पळणाऱ्यांची रांग गेली तरी चालते. काँक्रीटची कड किंवा लाकडी धक्का असेल तर एकच माणूस पुरतो. धक्क्यावर बसणं मी पूर्ण सोडलं आहे.

दुसरी गोष्ट नजरेची. खालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग साधारण 97 अंशांच्या एका गोल खिडकीत दिसतं. जे पाण्याच्या पातळीला टेकलेलं असतं ते त्या खिडकीच्या अगदी कडेला चेपलं जातं, त्याला ते धड दिसत नाही. उभा माणूस मात्र त्यात ठसठशीत उमटतो. मी बुटक्या स्टुलावर, काठापासून मागे सरकून बसतो. कोणी बघायला आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "या ना, बसा इथे बाजूला." बहुतेक लोक बसतात, आणि बसलेला माणूस माशासाठी जवळजवळ नाहीसा होतो. सावलीचंही असंच. सूर्य पाठीशी असला तर वाटेवरच्या प्रत्येकाची सावली माझ्या पाण्यावरून सरकते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ मी सूर्य समोर येईल अशा काठावर बसतो. डोळ्यांवर चमक येते, फ्लोटचा, म्हणजे दोरीवरच्या तरंगत्या खुणेचा, शेंडा दिसेनासा होतो. पोलराइज्ड चष्मा घातला की तेवढं निभावतं.

आता बोटी. त्यांच्याबद्दलचं माझं मत या मोसमात पार उलटलं आहे. बोटींच्या कालव्याचा तळ सहसा बशीसारखा असतो. दोन्ही काठांना उथळ पायरी, मधोमध बोटीने खोदत ठेवलेली खोल वाट. अरुंद पात्रातून बोट येते तेव्हा तिच्या अंगाने पाणी मागे ओढलं जातं, काठाची पातळी क्षणभर खाली जाते आणि मग परत भरते. त्या ओढीत हलका फ्लोट वाहून जातो आणि आमिष तळावरून फरपटतं. पुढे कालव्याचं पाणी अडवणारे दरवाजे असतील तर ते उघडल्यावर बोट दिसतही नसताना पाणी चालायला लागतं.

यावर केलेले बदल असे. फ्लोट थोडा जाड शेंड्याचा घेतला. खोली मोजून दोरीचा शेवटचा वीतभर भाग तळावर पडून राहील इतकी जास्त ठेवली. बोट दिसली की रॉडचं टोक पाण्याजवळ खाली नेतो आणि दोरी ताणून धरतो. फारच जवळून जात असेल तर सरळ उचलून घेतो. बोट गेल्यावर मात्र उठायचं नाही. तळाचा गाळ ढवळलेला असतो, त्यातल्या अळ्या आणि खाण्याजोगं काय काय वर आलेलं असतं, पाणी गढूळ झाल्यामुळे माशाला धीर येतो. पाण्याची ओढ थांबली की लिंबाएवढा एकच चाऱ्याचा गोळा टाकायचा आणि थांबायचं. माझ्या वहीत कॉमन कार्पच्या नोंदी बघितल्या तर त्यातल्या निम्म्याहून जास्त अशा गढूळ वेळेतल्या आहेत. स्वच्छ, निवांत, बोट नसलेल्या दुपारी बारकी मासळीच आमिषाला टोचत बसते.

चारा कुठे टाकायचा हेही ठरत आलं आहे. खोल वाट संपून पलीकडची पायरी जिथे चढायला लागते, त्या उताराच्या पायथ्याशी. बोटीच्या पंख्याने उडालेलं तिथे येऊन साचतं, आणि पलीकडच्या काठाला वाट नसेल तर तिकडून कोणी पाय आपटत नाही. सैल चारा बोटीबरोबर पसरून जातो, म्हणून ओलसर कालवून घट्ट वळतो.

सामानातला मोठा बदल म्हणजे लांबलचक पोल, म्हणजे रीळ नसलेली तुकड्यांची काठी, घरी राहिला. मासा आणताना तो दर वेळी मागे ढकलावा लागतो, म्हणजे आडव्या वाटेवर कित्येक मीटर कार्बनची नळी. सायकलवाला बेफिकीर असेल, खरंच असतात, पण वाट त्याचीही आहे आणि पडला तर हाड त्याचंच मोडेल. इतक्या गर्दीत पोल नको, हे मी आग्रहाने सांगेन. आता तीन मीटरचा रॉड आणि रीळ वापरतो, रॉड काठाला समांतर ठेवतो आणि गळ डोक्यावरून न फेकता खालून झुलवून टाकतो. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे तर कुठलाच कार्बन रॉड उभा करायचा नाही, त्यातून वीज वाहते.

शिशाची वजनंही काढून टाकली. ब्रिटनमध्ये गरवण्याच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर 1987 पासून बंदी आहे, कारण हंस ती खड्यांबरोबर गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. माझ्या काठावर लोक बदकांना पाव टाकतात, म्हणजे पक्षी अगदी पायाशी असतात. कथिलाची वजनं त्याच भाराला थोडी मोठी पडतात, बाकी काही अडत नाही.

माणसांचं सांगायचं तर पोरांचे दगड सुटण्यासारखे आहेत. दटावलं की दगड वाढतात. त्याऐवजी काम दिलं. "तो लाल शेंडा बघ, बुडला की मला सांग." मग "काका, हलला! काका, आता खरंच हलला!" असं चालू होतं, आणि वर म्हटल्याप्रमाणे त्या ओरडण्याने पाण्याखाली काही बिघडत नाही. कुत्रं सोडणाऱ्यांना मी लांबूनच हाक मारतो, "दादा, इथे गळ आहे, जरा धरा त्याला." आमिष लावलेला गळ कुत्रं गिळू शकतं, आणि हे सांगितल्यावर रागावलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आमिषाचा डबा झाकलेला आणि सुटा गळ रॉडच्या कडीत अडकवलेला असतोच.

एक गोष्ट मात्र मी सहन करत नाही. माझी मासे ठेवायची जाळी न विचारता पाण्याबाहेर ओढून फोटो काढले गेले, मासे गवतावर तडफडत होते आणि उचलणारा फोनकडे बघत होता. उन्हातल्या कोरड्या गवतावर माशाचा अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जिथे तो निघतो तिथे बुरशी धरते. तेव्हापासून ती जाळी वापरत नाही. उलटा काटा नसलेला गळ, ओले हात, पाण्यातच सोडवणं आणि लगेच सोडून देणं. वजन करायचंच असेल तर ओल्या पिशवीत, काठाला टेकून.

काठावरची तुटलेली नायलॉनची दोरी मी रोज गोळा करतो आणि त्यातली बरीच आपल्यासारख्या गरवणाऱ्यांचीच असते. तिच्यात पाय गुरफटलेला पक्षी सोडवायला मला चिमटा आणि कात्री दोन्ही लागले, तेव्हापासून दोन्ही पिशवीत असतात.

पुढच्या टप्प्यात पुलाखालची जागा बघायची आहे. तिथे पाव टाकणाऱ्यांची गर्दी सगळ्यात जास्त, काठ काँक्रीटचा, सावल्या सतत. माझ्या आतापर्यंतच्या आडाख्यांप्रमाणे वाईट जागा. पण तिथले कार्प रोजच्या पावामुळे माणसांच्या चाहुलीला खाण्याशीच जोडत असतील तर फ्रिशच्या कॅटफिशसारखे तेच आधी पुढे यायला हवेत. पहिले काही दिवस गळ न टाकता नुसता ठरावीक वेळी पाव टाकणार आहे आणि मासे कुठून, किती वेळात वर येतात ते लिहून ठेवणार आहे. आकडे जमले की इथेच पुढे जोडतो.